पाकळ्यांचा हिशेब आणि पडद्यावरचे मंडल

यंत्राच्या साह्याने काढलेली चित्रे आता कोणाला नवलाची राहिलेली नाहीत. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर, चहाच्या कपावर आणि मोबाइलच्या पडद्यावर वर्तुळाकार, पाकळ्यापाकळ्यांची नक्षी आपण नित्य पाहतो. तिला कोणी ‘मंडल’ म्हणतात, तर कोणी इंग्रजीच्या वळणाने ‘मंडाला’ म्हणतात. ही नक्षी काढणाऱ्यांना विचारले तर बरेच जण सांगतात, की आम्हांला निसर्गापासून स्फूर्ती मिळते. ही स्फूर्ती म्हणजे नेमके काय, ती यंत्रापर्यंत कशी पोचवावयाची, आणि यंत्राने हाताचे श्रम वाचविल्यावर चित्रकाराकडे कोणते काम उरते, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. मंडल म्हणजे वाटोळे, घेर, बिंब. सूर्यमंडल आणि नभोमंडल हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. ऋग्वेदाच्या दहा भागांनाही मंडले असेच नाव आहे. आणि गणेशोत्सवाचे मंडळ म्हणजे तरी काय, एका कार्याभोवती जमलेला माणसांचा घेरच. तिबेटी बौद्ध परंपरेत या शब्दाला विशेष अर्थ आला. तेथे मंडल हा देवतेच्या निवासाचा जणू नकाशा असतो. भिक्षू धातूच्या निमुळत्या नळीतून रंगीत वाळू सोडीत दिवसच्या दिवस तो रचतात, आणि पूर्ण झाल्यावर विधिपूर्वक मोडून ती वाळू वाहत्या पाण्यात विसर्जित करतात. आम्ही ज्या मंडलाविषयी लिहीत आहो ते एवढ्या पवित्र अर्थाचे नव्हे. एका केंद्राभोवती समान भागांत रचलेली नक्षी, एवढाच मर्यादित अर्थ येथे घ्यावयाचा आहे. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे कोणाच्या उपासनेची वस्तू आपण कपाबशीवर छापली असा दोष येत नाही.

आता यंत्राचे काम पाहू. दारात रांगोळी घालणारी गृहिणी बारा पाकळ्यांचे फूल काढते तेव्हा ती बारा वेळा चिमूट उचलते. पहिली पाकळी काढताना तिचा हात चाचपडतो, चौथीला तो सरावतो आणि शेवटची पाकळी उरलेल्या जागेत बसवून घ्यावी लागते. कागदावर काढणारा कंपास आणि कोनमापक घेतो. ३६० अंशांचे बारा भाग म्हणजे प्रत्येकी ३० अंश, असा हिशेब करून रेषा आखतो. संगणकाला मात्र ‘बारा’ एवढे सांगितले, की एक पाकळी काढताक्षणी उरलेल्या अकरा आपोआप उमटतात. यात जादू काही नाही. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर आणि त्याचा कोन यंत्राला ठाऊक असतो. अंतर तेच ठेवावयाचे, कोनात ३० अंश मिळवावयाचे आणि बिंदू पुन्हा मांडावयाचा, ही क्रिया ते अकरा वेळा करते. माणसाला ज्याचा कंटाळा येतो ते काम यंत्र डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उरकते.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली रचली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढावयाची आणि यंत्राने ती नीट करून घ्यावयाची, अशी ती सोय होती. तिच्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती. एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रती मांडता येत, आणि मूळ आकृतीत बदल केला की सर्व प्रतींत तो आपोआप होई. आजचे डिजिटल मंडल उभे आहे ते याच तत्त्वावर. क्रिता आणि इंकस्केप या आज्ञावल्या कोणालाही विनामूल्य मिळतात. क्रितामध्ये एका कुंचल्याचे अनेक कुंचले होऊन केंद्राभोवती एकदम फिरतात. इंकस्केपमध्ये मूळ आकृतीच्या प्रती ठरावीक कोनाने फिरवून मांडता येतात.

याहीपूर्वीचे एक यंत्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेत हाताने केलेले असेल. ते म्हणजे शोभादर्शक. काचेच्या तीन पट्ट्या, पुठ्ठ्याची नळी आणि बांगड्यांचे तुकडे. स्कॉटलंडचे पदार्थवैज्ञानिक डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१७ साली याचे पेटंट घेतले. दोन आरसे ६० अंशांच्या कोनात ठेवले, की एका तुकड्याचे मूळ रूप आणि त्याची प्रतिबिंबे मिळून सहा भागांचे फूल दिसते. पण या खेळण्यापासून एक धडा घेण्यासारखा आहे. त्यात फुटक्या बांगड्या घातल्या तरी सुंदर दिसतात, मणी घातले तरी सुंदर दिसतात, आणि कागदाचे कपटे घातले तरीही! सममितीचे सामर्थ्यच असे आहे, की ती कचऱ्यालाही शोभा आणते.

डिजिटल मंडलाचा खरा धोका येथेच आहे. यंत्रात सममिती फुकट मिळते. कोणीही दहा मिनिटांत वेड्यावाकड्या चार रेघा ओढल्या, तरी त्यांचे बारा ठिकाणी फूल होते आणि काढणाऱ्याला वाटते, आपण काही साधले. परिणाम असा, की हजारो मंडले निर्माण होतात आणि ती सारी बहिणी-बहिणी शोभतात. टोकदार पाकळी, तिच्यात लहान पाकळी, मधून ठिपके, बाहेर महिरप. या पाकळ्या कोणत्या फुलाच्या म्हणून विचारले तर उत्तर नाही. त्या पाहिलेल्या पाकळ्या नसतात. दुसऱ्या मंडलांतून उचललेल्या असतात. यंत्राने पुनरावृत्तीचे श्रम वाचविले. वाचलेला वेळ पाहण्याच्या कामी लावला तरच या कलेत काही जीव राहील, असे आमचे म्हणणे आहे. निसर्गापासून उसनी घ्यावयाची वस्तू पाकळीची बाह्यरेषा ही नव्हे. फूल ज्या नियमाने रचलेले असते तो नियम घ्यावयाचा आहे.

असे नियम कोणते, ते परसातल्या फुलांवरूनच पाहू. पहिला नियम संख्येचा. जास्वंदीला पाच पाकळ्या, लिलीला तीन अधिक तीन अशा सहा. भेंडी आडवी चिरली तर पाच कप्पे दिसतात आणि काकडी चिरली तर बहुधा तीन. मंडल काढणारा मात्र सवयीने आठ, बारा किंवा सोळा भाग घेतो, कारण निम्म्याचे निम्मे करणे सोपे असते. कागदावर पंचकोन साधणे कठीण खरे. पण यंत्राला पाच आणि आठ यांत काही भेद नाही. तेव्हा पाचाचे मंडल काढून पाहावे. ७२ अंशांचा एकेक भाग घेतला की तीच रेघ निराळी दिसू लागते, कारण पाचाच्या आकृतीत कोणतीही पाकळी दुसरीच्या अगदी समोर येत नाही, आणि नजर सरळ आरपार न जाता फिरत राहते.

दुसरा नियम आरशाचा. भेंडीच्या चकतीवर मधोमध आरसा उभा धरला तर अर्धी चकती पुरी दिसते. सदाफुलीचे तसे नाही. सदाफुली, तगर, कण्हेर यांच्या पाकळ्या एकाच अंगाला कललेल्या असतात; लहान मुलांच्या भिरभिऱ्यासारखे ते फूल फिरते आहे असा भास होतो. या फुलांत फिरण्याची सममिती आहे, पण आरशाची नाही. पुष्कळ आज्ञावल्यांत या दोहोंसाठी वेगवेगळी कळ असते. सदाफुलीचे मंडल काढताना आरशाची कळ चालू राहिली, तर प्रत्येक पाकळीचा कल दोन्ही अंगांना सारखा वाटला जातो आणि फुलाची फिरकी तत्काळ मरते. म्हणून पहिली रेघ ओढण्यापूर्वीच ठरवावे, की आपणांस आरसा हवा की नुसते फिरणे.

तिसरा नियम फटीचा. लिलीचे फूल नीट पाहा. बाहेरच्या तीन पाकळ्यांमध्ये ज्या तीन फटी राहतात, त्यांत आतल्या तीन पाकळ्या येतात. जास्वंदीच्या हिरव्या निदलपुंजातील पाच दले आणि तांबड्या पाच पाकळ्या यांचाही क्रम असाच आहे. पाकळी दलाच्या पाठीशी नसते, दोन दलांच्या मध्ये असते. सपुष्प वनस्पतींत हा क्रम फार ठिकाणी आढळतो, आणि त्यामुळे उपलब्ध जागा भरून निघते. मंडलात याचा उपयोग सरळ आहे. पाच भागांच्या एका वलयानंतर दुसरे वलय काढताना ते ७२ च्या निम्मे, म्हणजे ३६ अंशांनी सरकवावे. पाकळीमागे पाकळी ठेवली तर चित्र चाकाच्या आऱ्यांसारखे कोरडे होते; फटीत ठेवली तर ते उमलल्यासारखे वाटते.

या तिन्ही नियमांची परीक्षा घेणारे फूल म्हणजे कृष्णकमळ. बाहेर निदले आणि पाकळ्या मिळून दहा, त्यांच्या आत जांभळ्या तंतूंचे दाट वलय, त्यावर पाच पुंकेसर आणि सर्वांच्या वर तीन फाट्यांची कुक्षी. आपल्याकडे कौतुकाने सांगतात, की हे शंभर कौरव, हे पाच पांडव आणि हे त्रिमूर्ती. आता हे फूल यंत्रात उतरवावयास बसले म्हणजे पंचाईत होते. पाच भागांची योजना केली तर दहा आणि पाच बसतात, पण मधले तीन काही केल्या बसत नाहीत. तेव्हा कुक्षीसाठी वेगळा थर घ्यावा आणि त्याची सममिती तीनाची ठेवावी. पाचावर तीन ठेवले की केंद्र किंचित अस्वस्थ दिसते. कृष्णकमळाकडे आपली नजर खिळते, तिला हेही एक कारण असावे. ज्याने फूल मोजले नाही त्याला ही गोष्ट कळत नाही. तो केंद्रातही पाचच काढतो आणि त्याचे कृष्णकमळ गुळगुळीत होते.

निसर्गातील प्रत्येक फूल वर्तुळाकार असते असेही नाही. वसंतात पेटणारा पळस पाहा, पांगारा पाहा, कुंपणावरची गोकर्ण पाहा. या फुलांना डावे-उजवे आहे, पण ती चहूंकडून सारखी नाहीत. आरसा एकाच रेषेवर लागतो. अशा फुलाला ओढूनताणून वाटोळे करू नये. सदाफुली स्वतःच मंडल असते. पळसाचे फूल मंडलाची पाकळी होऊ शकते. चोचीसारख्या वळलेल्या त्या केशरी फुलाची टोके आत करून सात-आठ फुले मांडली तर एक चित्र होते, टोके बाहेर केली तर अगदी दुसरे.

येथवर आपण समान भागांची गोष्ट केली. परंतु निसर्गात वर्तुळ भरण्याची दुसरी एक रीत आहे आणि तीत समान भागच नसतात. सूर्यफुलाचे तबक जवळून पाहिले तर त्यात दोन दिशांनी वळणारे फिरके दिसतात. ते मोजले तर एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला ५५, असे जोडीचे आकडे पुष्कळदा मिळतात. अननसाच्या डोळ्यांत ८ आणि १३ सापडतात. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ अशी ही माळ असून तिच्यातील प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज असते. इटलीच्या फिबोनाची याच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे ही माळ त्याच्या नावाने ओळखली जाते. पण आपल्या छंदःशास्त्रकारांना ती आधीच ठाऊक होती. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन, असे धरले तर चार मात्रांची ओळ पाच प्रकारांनी रचता येते, पाच मात्रांची आठ प्रकारांनी, सहा मात्रांची तेरा प्रकारांनी. विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने हा हिशेब मांडला. वृत्ताच्या मात्रा मोजणाऱ्यांच्या हाती सूर्यफुलाचा आकडा लागावा, ही गोष्ट मोठी रम्य आहे.

सूर्यफूल काही आकडे मोजीत नाही. कळीच्या केंद्राजवळ एकेक नवा अंकुर येतो, आणि आधीच्या अंकुरांपासून जेथे जास्तीत जास्त मोकळीक असेल तेथे तो येतो. पॅरिसमध्ये द्वादी आणि कूदे या दोन पदार्थवैज्ञानिकांनी १९९२ साली दाखविले, की चुंबकीय द्रवाचे परस्परांना दूर लोटणारे थेंब एकामागून एक सोडले तरी हीच रचना होऊ शकते. दोन लागोपाठच्या अंकुरांमधील कोन सुमारे १३७.५ अंश भरतो. हाच कोन का? समजा, प्रत्येक दाणा ९० अंशांनी पुढे ठेवला. पाचवा दाणा पहिल्याच्या रांगेत येईल, सर्व दाणे चार आऱ्यांत गोळा होतील आणि मधली जागा फुकट जाईल. १२० अंश घेतले तर तीन आरे. वर्तुळाचा कोणताही सोपा अपूर्णांक घेतला तरी रांगा पडणारच. १३७.५ हा कोन अशा सोप्या अपूर्णांकांपासून जितके दूर राहता येईल तितके दूर राहतो. म्हणून दाणा दाण्याच्या ओळीत सापडत नाही आणि तबक गच्च भरते.

ही रचना यंत्राला सांगण्याची अगदी सुटसुटीत रीत हेल्मुट फोगेल यांनी १९७९ साली दिली. दाण्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यावे. दाण्याचा कोन म्हणजे क्रमांक गुणिले १३७.५ अंश, केंद्रापासून अंतर म्हणजे क्रमांकाचे वर्गमूळ गुणिले एक ठरावीक माप. वर्गमूळ अशासाठी, की वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. प्रत्येक दाण्याला सारखी जागा द्यावयाची तर शंभरावा दाणा पंचविसाव्याच्या चौपट दूर न जाता दुपटीवरच राहावा लागतो. या दोन ओळी यंत्राला दिल्या, की पाचशे दाण्यांचे तबक पडद्यावर उभे राहते. मग कोन दोन दशांशांनी कमी करून १३७.३ करा. तबक विसकटते, एकाच दिशेचे फिरके उरतात आणि त्यांच्यामधून फटी दिसू लागतात. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करून पाहावा. सौंदर्य केवढ्या बारीक गोष्टीवर अवलंबून असते, हे त्यातून जितके कळते तितके व्याख्यानाने कळत नाही. दाण्याच्या जागी ठिपका ठेवा, अबोलीची पाकळी ठेवा, आंब्याचे पान ठेवा. नियम सूर्यफुलाचा, वस्तू आपली.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. चित्र कागदावर छापावयाचे असेल तर आकार आधी ठरवावा. बारा इंचांच्या चित्राला इंचाला ३०० ठिपके या मापाने ३,६०० ठिपक्यांची रुंदी लागते. लहान काढून मागाहून मोठे केले तर कडा दातेरी होतात. रेषा सूत्ररूपाने साठविणारी, म्हणजे व्हेक्टर जातीची आज्ञावली वापरल्यास ही अडचण येत नाही. रंगांविषयी एवढे लक्षात ठेवावे, की पडदा प्रकाशाने रंगतो आणि कागद शाईने. तांबडा, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरून पडद्यावर १,६७,७७,२१६ छटा होतात. पण त्यांतील भडक छटा छपाईत मंदावतात. इतक्या छटा हाताशी आहेत म्हणून त्या वापरल्याच पाहिजेत असे नाही. एकाच पळसाच्या फुलाचे छायाचित्र घेऊन त्यातील चार-पाच रंग उचलावे: केशरी, देठाचा काळपट तपकिरी, पानाचा धुरकट हिरवा. निसर्गाने जुळविलेली ही रंगसंगती सहसा फसत नाही.

आता एक इशारा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८९९ ते १९०४ या काळात ‘निसर्गाची कलारूपे’ या अर्थाच्या नावाची शंभर चित्रे प्रसिद्ध केली. समुद्रातील सूक्ष्म जीवांचे सांगाडे, जेलीफिश, तारामासे यांची ती चित्रे आजही मंडलकारांना मोहून टाकतात. परंतु हेकेल यांच्यावर आक्षेप असा आहे, की प्रत्यक्ष जीवांत नसलेला नेटकेपणा त्यांच्या लेखणीने चित्रांत घातला. शंभर वर्षांपूर्वी हाताने घडलेला हा मोह यंत्राने शतपट वाढविला आहे. खऱ्या जास्वंदीची एक पाकळी दुमडलेली असते, एकीला किड्याने भोक पाडलेले असते. नियम पाचाही पाकळ्यांना एकच, पण वाढ प्रत्येकीची आपापली. यंत्रातील पाकळ्या मात्र वाढलेल्या नसतात, उमटविलेल्या असतात. म्हणून शेवटचा थर काढताना सममितीची कळ बंद करावी आणि हाताने काही फरक करावे. एका पाकळीची शीर थोडी वाकवावी, एकीवर रंग जरा गडद ठेवावा. थोडेच करावे, पण करावे.

यावर कोणी म्हणेल, की मंडल काढण्यातला खरा लाभ चित्राचा नसून चित्ताच्या स्थैर्याचा आहे. बारा पाकळ्या बारा वेळा काढताना मन शांत होते, तेच तुमच्या यंत्राने हिरावून घेतले. या आक्षेपात तथ्य आहे. वाळूचे मंडल विसर्जित होते, दारातली रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडली जाते; तरी काढणाऱ्याचे काही बुडत नाही, कारण मिळावयाचे ते काढतानाच मिळालेले असते. डिजिटल चित्राचे उलट आहे. ते झाडले जात नाही, त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात, आणि चुकीची रेघ एका कळीने पुसता येत असल्यामुळे हात बेफिकीर होतो. ही उणीव यंत्राने भरून निघणार नाही. ती यंत्रापुढे बसण्यापूर्वीच भरून काढावी लागेल.

त्याची एक साधी रीत आम्ही सुचवितो. एक वही करावी. आठवड्यात एक फूल घ्यावे. शक्य तर झाडावरच पाहावे. नाही तर गळून पडलेले उचलावे. वहीत त्याचे नाव आणि तारीख लिहावी. पाकळ्या किती, आरसा लागतो की फिरकी आहे, आतले वलय फटीत आहे की पाठीशी, हे लिहावे. मग शिसपेन्सिलीने त्याची एकच पाकळी, शिरांसकट, सावकाश काढावी. अर्धा तास लागला तरी लागू द्यावा. रांगोळीच्या बारा पाकळ्यांत जी एकाग्रता विभागली जात होती ती या एका पाकळीत एकवटेल. त्यानंतर यंत्र उघडावे आणि उरलेल्या पाकळ्या त्याच्याकडून करून घ्याव्या.

असे मंडल कोणी पाहिले आणि ‘हे कोणते फूल?’ म्हणून विचारले, तर काढणाऱ्याला उत्तर देता येईल. शाळांतून चित्रकलेच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून हा उपक्रम चालविला, तर मुलांना फूल मोजावयास मिळेल, कोन समजेल आणि यंत्र कशासाठी वापरावयाचे तेही कळेल. सध्या वसंत आहे. पळस-पांगारा बहरात आहेत, सदाफुली तर बाराही महिने आहे. आरंभ करावयास याहून चांगला काळ नाही, एवढे सांगून हा विषय येथे पुरा करतो.